यंत्र आले, तारीख राहिली

न्यायालयांच्या संगणकीकरणाचा ई-कोर्ट्स प्रकल्प २००७ साली सुरू झाला. तिसऱ्या टप्प्यासाठी २०२३ साली केंद्राने ७,२१० कोटी रुपये मंजूर केले. तरीही वकीलवर्ग कागदाच्या गठ्ठ्यांना चिकटून राहिला. मार्च २०२० मध्ये महासाथ येताच मात्र दूरदृश्य सुनावण्या काही आठवड्यांत सुरू झाल्या. म्हणजे अडचण यंत्राची नव्हती, हितसंबंधांची होती. जेथे फी हजेरीगणिक मिळते, तेथे विलंबाचा भुर्दंड वकिलावर पडत नाही. तो पडतो रोजंदारी बुडवून तारखेला येणाऱ्या शेतमजुरावर. पण ज्याच्या हाती स्मार्टफोन नाही, त्याच्यासाठी नवे यंत्रही जुन्याच मिरासदारीचे हत्यार ठरेल. म्हणून मागणी दुहेरी हवी: पक्षकाराला दूरस्थ हजेरीचा हक्क आणि प्रत्येक तालुका न्यायालयात खरोखर चालणारे ई-सेवा केंद्र.