चाळणी आणखी बारीक

बक्षिसांची वाट पाहणाऱ्या मित्रांनो,

विंगेत लावणीचा संच तयार उभा आहे, तेव्हा थेट मुद्द्यावर येतो.

स्वित्झर्लंडमध्ये आरे नदीकाठी पॉल शेरर संस्था आहे. तिथं ‘मेग’ नावाच्या प्रयोगात दर सेकंदाला कोट्यवधी म्यूऑन एका पातळ पडद्यावर थांबवतात. हा कण इलेक्ट्रॉनच्या दोनशेपट जड. सरासरी २.२ मायक्रोसेकंदांत तो मोडतो; एक पॉझिट्रॉन आणि दोन न्यूट्रिनो निघतात. ‘मेग’वाल्यांना हवाय मोडण्याचा वेगळाच प्रकार: न्यूट्रिनो नाहीत, फक्त पॉझिट्रॉन आणि गॅमा किरण, नेमके विरुद्ध दिशांना. आजच्या सिद्धांतानुसार हे कधी दिसूच नये. खात्रीनं दिसलं, तर पाठ्यपुस्तक बदलावं लागेल.

२०१३ पर्यंत शोधलं, मिळालं नाही. मग त्यांनी चाळणीच आणखी बारीक करायला घेतली. गॅमा किरण पकडायला नऊशे लिटर द्रवरूप झेनॉन आहे. किरण त्यात शिरला की प्रकाश चमकतो. तो टिपायला समोरच्या बाजूला दोन इंची २१६ नळ्या होत्या. त्यांच्या जागी ४०९२ छोटे सिलिकॉन सेन्सर बसवले. चमक नेमकी कुठं झाली ते आता जास्त स्पष्ट कळतं. पण म्यूऑनांचा बीम चालू असताना हे सेन्सर मंदावत गेले. इलाज काय, तर बीम बंद असताना ते चक्क तापवायचे!

पॉझिट्रॉनचा माग काढणाऱ्या कक्षानं तर घामच फोडला. त्यात चांदीचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या, केसाहून बारीक तारा. हवेतल्या दमटपणानं त्या गंजल्या आणि तुटू लागल्या. तुटलेली तार शेजारणीला चिकटून शॉर्ट करणार, म्हणून एकेक हलक्या हातानं बाहेर काढावी लागली. शोधनिबंधात अशा कामाला जेमतेम दोन ओळी मिळतात. मला विचाराल तर खरं भौतिकशास्त्र तिथंच झालं.

२०२५ मध्ये त्यांनी सांगितलं: दहा लाख कोटी म्यूऑनांमागे त्या वेगळ्या प्रकारानं मोडणारे दीडसुद्धा नाहीत, नव्वद टक्के विश्वासानं. अजून शून्यच.

आणि हे शून्य मान्य करायची त्यांची रीत ऐका. हव्या त्या घटना ज्या कप्प्यात पडतील, तो कप्पा आधी झाकून ठेवतात. विश्लेषणाची पद्धत पक्की ठरल्यावरच उघडतात. कारण माणसाला हवं तेच दिसायला लागतं, मग तो कितीही मोठा शास्त्रज्ञ असो.

तुमच्याकडे जर्नल सबमिशन जवळ आलंय ना? मित्राच्या वहीतून रीडिंग जुळवू नका. जे आलं तेच लिहा, आणि परीक्षकांनी व्हायवाला विचारलं, तर तसंच सांगा.