विरोधी बाकावरचा माणूस आणि आपण

(जळकोट येथे शेतकरी व कारागीर बांधवांपुढे झालेले भाषण)



आजचा विषय ऐकून कित्येकांच्या मनात आले असेल की, विरोधी पक्षाच्या आमदाराची आम्हांस गरज ती काय? ज्याच्या हाती तिजोरीची किल्ली नाही, तो आमचा रस्ता काय करणार आणि आमच्या शिवारात पाणी काय आणणार? "सत्तेकडचा निवडून द्यावा, म्हणजे चार कामे तरी पदरात पडतील," हे शहाणपण आपल्या पारावर रोज ऐकू येते. हे शहाणपण फसवे आहे असे माझे म्हणणे आहे. आणि ते नुसते म्हणून न थांबता मी दाखल्यांनिशी पटवून देणार आहे.

प्रथम सभागृहात चालते काय, ते समजून घेऊ. सरकार उठून सांगते की आम्ही अमुक केले, तमुक केले. ते सांगण्यास त्यांच्याकडे माणसे पुष्कळ. पण जे केले नाही ते कोणी सांगावयाचे? त्यासाठी विरोधी बाक असतो. त्या बाकावरचा सभासद तारांकित प्रश्न विचारतो. तो पुकारला गेला की मंत्र्यास उभे राहून तोंडी उत्तर द्यावे लागते. तो लक्षवेधी सूचना देतो. अंदाजपत्रकातील मागणीवर कपात सूचना आणतो; म्हणजे खात्याच्या रकमेतून नाममात्र पैसा कमी करा असे म्हणून त्या खात्याचे सगळे गाऱ्हाणे वेशीवर टांगतो. मनात आणले तर स्वतःचे अशासकीय विधेयकही मांडतो. यांपैकी कशालाही तिजोरीची किल्ली लागत नाही. लागते ती खरी माहिती आणि छाती. आणि जे बोलले जाते ते कागदावर उतरते. सरकार बदलते, मंत्री जातात. तो कागद राहतो.

आता दाखले घ्या. 4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांनी एक ठराव मांडला. बोले हे भंडारी समाजातील पुढारी, बिनसरकारी सभासद. सरकारी पैशाने बांधलेल्या वा चालविलेल्या विहिरी, तळी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्य मानलेल्या बांधवांस खुले करावेत, असा तो ठराव. तो मंजूर झाला. 1924 साली महाडच्या नगरपालिकेने आपले तळे खुले असल्याचा ठरावही केला. पण कागदाने तहान भागते काय? 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांनिशी चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्याले, तेव्हा त्या ठरावात प्राण आला. पुढे कोर्टकज्जा होऊन 1937 साली हायकोर्टाचा निकाल लागला. बांधवहो, यातून दोन गोष्टी ध्यानी घ्या. ठराव नसता तर त्या माणसांच्या हाती कायद्याचा आधार नसता. आणि माणसे निघाली नसती तर ठराव दप्तरात कुजला असता.

दुसरा दाखला जमिनीचा. कोकणात खोत हा सरकार आणि कूळ यांच्या मध्ये बसलेला. कसणारा वेगळा, खाणारा वेगळा. अलिबाग तालुक्यात चरी गावच्या कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या पुढारपणाखाली 1933 साली संप पुकारला आणि शेते पडीक ठेवून तो 1939 पर्यंत चालविला. सहा वर्षे! घरात दाणा नसता सहा वर्षे दम धरणे म्हणजे काय, हे तुम्हांला मी सांगावयास नको. मधल्या काळात, 17 सप्टेंबर 1937 रोजी, स्वतंत्र मजूर पक्षाचे पुढारी बाबासाहेब यांनी मुंबई विधिमंडळात खोती बंद करण्याचे विधेयक मांडले. सरकार बाळासाहेब खेरांचे, काँग्रेसचे. बाबासाहेब विरोधी बाकावर. जानेवारी 1938 मध्ये हजारो शेतकरी मुंबईस कौन्सिल हॉलवर चालून गेले. त्यांत कुणबी होता, आगरी होता, महार होता. त्या दिवशी सगळ्यांची जात एकच होती, ती म्हणजे कूळ. विधेयक तेव्हा कायदा झाले नाही. पण 1949 साली खोती नष्ट करण्याचा कायदा झालाच. हरलेले विधेयक बारा वर्षांनी जिंकले.

कारागीर बांधवांनो, तिसरा दाखला तुमच्या-आमच्या बलुत्याच्या जातीतला. गावकीच्या वतनाच्या नावाखाली महार बांधवांकडून रात्रंदिवस वेठीचे काम घेतले जाई. 1928 साली बाबासाहेबांनी कौन्सिलात महार वतनाचे विधेयक आणले, आणि 1929 साली ते मागे घ्यावे लागले. कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा 1958 साली झाला. तीस वर्षे लागली, पण विधेयकाचे बीज वाया गेले नाही.

हे काही आपल्याच देशात घडते असे नाही. आयर्लंड देशात जमीनदारांनी कुळांस देशोधडीला लावले होते. मायकेल डेव्हिट हा घरादारातून हुसकावलेल्या शेतकऱ्याचा पोर. अकराव्या वर्षी कापडाच्या गिरणीत त्याचा उजवा हात गेला. 1879 साली त्याने कुळांची लँड लीग उभी केली, आणि अध्यक्ष केले पार्नेल यांना. पार्नेल लंडनच्या पार्लमेंटात बसत. त्यांची माणसे मूठभर, पण 1881 च्या आरंभी दडपशाहीच्या बिलाविरुद्ध त्यांनी ते सभागृह सलग 41 तास बसविले. बाहेर कुळांनी खंड अडविला, आत सभासदांनी सभा अडविली. त्याच वर्षी वाजवी खंडाचा कायदा सरकारला करावा लागला. 1919 पासून त्या लोकांची स्वतःची सभा डब्लिनला भरते. म्हणून गाऱ्हाणी संपली काय? नाही. खेड्यातील टपालकचेरी बंद का होते, दवाखाना इतका लांब का, हे तेथेही विरोधी बाकावरून विचारावे लागते. स्वराज्य आले म्हणजे प्रश्न विचारण्याचे काम संपत नाही. ते आपल्या हाती येते एवढेच.

आता आपल्या मुलुखाकडे वळू. सप्टेंबर 1948 पर्यंत आपण निजामाच्या रयतेत. मुंबईकडे बोले ठराव मांडीत होते तेव्हा आपल्या आजोबांना तोंड उघडण्यास निवडलेले सभागृहच नव्हते. 1952 साली सर्वांनी मते देऊन हैदराबादची विधानसभा निवडली, तेव्हा कोठे या मातीतला माणूस उभा राहून विचारू लागला. शेजारच्या कंधारचे भाई केशवराव धोंडगे पहा. शेतकरी कामगार पक्षाचे; 1957 साली विधानसभेत गेले, 1977 साली नांदेडहून लोकसभेत गेले. मराठवाड्याची उपेक्षा त्यांनी सभागृहात गाजविली. कंधार भागात बहुजनांच्या पोरांसाठी शाळा काढल्या, आणि ज्या गुराख्याला कोणी माणसात धरीत नाही त्याचे साहित्य संमेलन भरविले. शंभरी गाठल्यावर 2022 साली विधिमंडळाने त्यांचा गौरव केला; 1 जानेवारी 2023 रोजी ते गेले. सांगोल्याचे गणपतराव देशमुख अकरा वेळा निवडून आले, आणि त्यांतला बहुतेक काळ विरोधी बाकावर बसले. लोकांनी त्यांस का सोडले नाही? कारण दुष्काळी तालुक्याच्या पाण्याचा प्रश्न त्यांनी सोडला नाही.

1972 चा दुष्काळ येथल्या वडीलधाऱ्यांनी अंगावर काढला आहे. खडी फोडणाऱ्या बायाबापड्यांचे मोर्चे शेकाप, समाजवादी, कम्युनिस्ट, लाल निशाण यांनी काढले, आणि मजुरीचा प्रश्न विरोधी सभासदांनी सभागृहात लावून धरला. रोजगार हमीची योजना आखणारे वि. स. पागे हे सत्ताधारी पक्षाचे होते. ज्याचे श्रेय त्यास दिलेच पाहिजे. पण मागणाऱ्याला पंधरा दिवसांत काम, नाही तर भत्ता, हा हक्क 1977 च्या कायद्यात आला तो आतल्या शहाणपणाने आणि बाहेरच्या रेट्याने, दोहोंनी मिळून. 2005 साली साऱ्या देशाने त्या वाटेवर पाऊल टाकले.

आणि आता उलट चित्र पहा. 2024 च्या निवडणुकीत विधानसभेच्या 288 जागांपैकी दहावा हिस्सा, म्हणजे 29 जागा, विरोधी बाकावरच्या एकाही पक्षास मिळाल्या नाहीत. आणि महिनोन्‌महिने विधानसभेत विरोधी पक्षनेत्याची खुर्ची रिकामी राहिली. कोणता पक्ष बरा आणि कोणता वाईट, हे मी सांगत नाही. पण घरात हिशेब विचारणारे कोणी नसले की कारभाऱ्याची सवय बिघडते, हे बायाबापड्यांसही कळते.

विरोधी सभासद सारेच गुणाचे असतात असेही नाही. कोणी कागद फाडतो, आरोळी ठोकतो आणि छायाचित्र निघाले की घरी जातो. कोणी पाच वर्षे मुका बसतो आणि पुढे तिकडच्या बाकावर उडी मारतो. पण त्यांस असे करण्याची मुभा कोण देतो? आपणच! आमदार लग्नाला आला का, तेरवीला आला का, एवढेच आपण मोजतो. अधिवेशनात त्याने किती प्रश्न विचारले, हे कोणी मोजले आहे? मताच्या आदल्या रात्री पाकीट घेणाऱ्याने दुसऱ्या दिवशी जाब कोणत्या तोंडाने मागावा?

म्हणून माझे सांगणे थोडके आहे. आपला जळकोट तालुका उदगीर मतदारसंघात मोडतो. गावोगावी ग्रामसभेत बसा आणि दर अधिवेशनापूर्वी तीन प्रश्न लिहून काढा. सोयाबीनचा विमा कोणाचा अडला, तांड्यावरची पोरे ऊसतोडीच्या हंगामात शाळेबाहेर का पडतात, सुतार-लोहार-कुंभाराचे कर्जाचे कागद कोठे अडकले, असे नेमके लिहा. गट नंबर घाला, अर्जाची तारीख घाला, पोच जोडा. मोघम रडगाण्याला मंत्री मोघम उत्तर देतो. नेमक्या प्रश्नापुढे त्याला घाम फुटतो. ते कागद सत्तेकडच्या आमदारास द्या आणि विरोधकासही द्या. आपल्या भागाचा विरोधक नसला तर दुसऱ्या जिल्ह्याचा गाठा, कारण प्रश्न विचारण्यास मतदारसंघाची वेस आड येत नाही. अधिवेशन संपले की विधिमंडळाच्या संकेतस्थळावर प्रश्नोत्तरे पाहता येतात. गावातील शिकल्यासवरल्या मुलीने ती पारावर मोठ्याने वाचून दाखवावी. आपल्या पोरीने वाचावे आणि आपण ऐकून जाब विचारावा, यासाठीच तर जोतिराव-सावित्रीबाईंनी दगडगोटे खाल्ले.

आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? आपण प्रश्न दिलाच नाही, तर विरोधी बाकावरचा माणूस विचारील काय? आणि त्याने विचारल्यावर आपण पाठीशी उभे राहिलो नाही, तर मंत्री त्यास भीक घालील काय? येत्या ग्रामसभेत पहिला कागद लिहा, आणि त्याखाली पहिला अंगठा वा सही स्वतःची करा.

जय जोती!