सवलत गावापर्यंत यावी



संयोजकांनी मला कॉम्प्युटरवर बोलायला सांगितलं होतं. पण सकाळपासून निम्म्या जणांनी एकच विचारलं, “तू इंजिनीअर ना, मग सांग, इलेक्ट्रिक गाडी घ्यावी का?” म्हणून त्यावरच बोलते.

राज्याचं नवं इलेक्ट्रिक वाहन धोरण 2025 मध्ये आलं. ते मार्च 2030 पर्यंत आहे. त्यात मोटार वाहन कर माफ आहे. दहा लाखांच्या पेट्रोल गाडीवर हा कर 11 टक्के, म्हणजे एक लाख दहा हजार. शिवाय दुचाकी, तीनचाकी आणि खासगी मोटारीला किमतीच्या 10 टक्क्यांपर्यंत, तर मालवाहू गाड्या आणि ट्रॅक्टरला 15 टक्क्यांपर्यंत अनुदान आहे. त्याला कमाल मर्यादा आहे. तेव्हा कोटेशनमध्ये कर आणि अनुदान वेगवेगळ्या ओळींत लिहून मागा.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, अटल सेतू आणि समृद्धी महामार्ग यांवर टोलमाफीही आहे. समृद्धी आपल्या शहापूर तालुक्यातूनच जातो. पण त्या माफीचा फायदा माझ्यासारख्या शहरात राहणाऱ्या मोटारवाल्यांना. आपल्या भातसाचं पाणी मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात आपल्याच पाड्यांवर टँकर येतो, तसंच हे होऊ नये.

गावात खरा उपयोग कुणाला? रोज पाड्यांवर जाणाऱ्या शिक्षिकेला, आशाताईला. स्कूटरची तीन युनिटांची बॅटरी घरच्या प्लगवर रात्रीत भरते आणि दिवसभराची फेरी होते. पहाटे भेंडीचे क्रेट कल्याणच्या बाजारात नेणाऱ्या मुरबाडच्या शेतकऱ्याला मालवाहू तीनचाकी परवडेल. पण पावसाळ्यात वीज गेली की करमाफी काय कामाची? म्हणून काढून घरात नेता येईल अशी बॅटरी बघा आणि रोजच्या अंतरापेक्षा जास्त रेंजची गाडी घ्या.

राष्ट्रीय महामार्गांवर दर 25 किलोमीटरला चार्जिंगची सोय करायची, असं धोरण म्हणतं. मुंबई-नाशिक आणि कल्याण-माळशेज हे दोन्ही रस्ते राष्ट्रीय महामार्गच आहेत. मग शहापूर, मुरबाड, टोकावडे इथली मागणी ग्रामसभेच्या ठरावाने गेलीच पाहिजे.

आणि एसटीच्या इलेक्ट्रिक बसनाही या धोरणात प्रोत्साहन आहे. आपल्या वर्गातल्या किती मुलींचं शिक्षण वेळेवर गाडी नाही म्हणून दहावीला थांबलं, हे सरांना आणि बाईंना माहीत आहे. त्यांच्या मुलींसाठी तरी सकाळची एक बस मागूया. अर्ज लिहायचं काम माझं. सह्या तुम्ही करा.