रानात रमणाऱ्या मुलांचं शिक्षण
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपली कुरुंदवाडची मुलं नदीकाठावर वाढतात. नदीत पोहणारं, बांधावर रमणारं पोर दिसलं की आपण त्याला उनाड म्हणतो आणि कर्ज काढून महागड्या खासगी कॉलेजात घालतो. आम्हांस वाटतं, आधी मुलाचा कल बघावा.

कोल्हापुरात शासकीय कृषी महाविद्यालय आहे. १९७२ साली स्थापन झालेल्या दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात वनशास्त्राची चार वर्षांची पदवी आहे. त्यासाठी अकरावीला विज्ञान घ्यावं, पुढे सीईटी द्यावी.

मात्र नुसत्या फीवरून कॉलेज स्वस्त ठरवू नका. खोली, खाणावळ, एस.टी.भाडं, पुस्तकं असा चारही वर्षांचा हिशेब कागदावर मांडा. शाहू महाराजांनी १९०८ साली कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग काढलं. राहण्या-जेवणाची सोय नसली तर गरिबाचं शिक्षण अर्ध्यावर थांबतं, हे आजही खरं आहे.

घरचं वार्षिक उत्पन्न २.५ लाख रुपयांच्या आत असेल तर भारत सरकारच्या शिष्यवृत्तीसाठी अर्ज करा. समाजकल्याणच्या वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वाधार योजनेची चौकशी करा. उत्पन्नाचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र वेळेत काढा. कागदाअभावी हातची जागा जाऊ देऊ नका.

मुलींसाठीही हाच विचार करा. प्रवेशाआधी एकदा मुलांना घेऊन कॉलेज आणि वसतिगृह बघून या.

जय भीम! नमो बुद्धाय!