क्रीडाशिक्षकाचें शिक्षण
(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत दिलेलें भाषण)



महोत्सवाच्या वर्षीं खेळांचे सामने व्हावेत, मैदान नीट व्हावें, नवे चषक यावेत, ही आपली हौस योग्यच आहे. परंतु मैदान आणि चषक यांविषयीं पुष्कळ बोलणें होतें. जो मनुष्य मुलांना खेळ शिकवितो, त्याच्या स्वतःच्या शिक्षणाविषयीं मात्र क्वचितच कोणी बोलतें. आज मी त्याविषयींच चार शब्द बोलणार आहें. दिव्यांग मुलांना खेळांत सामील करून घेण्यास आपला क्रीडाशिक्षक तयार आहे काय, हा माझा प्रश्न आहे.

आपल्या प्रत्येक आळींत असें एखादें मूल असतेंच. कोणाचा पाय जन्मतः अधू, कोणाला दृष्टि नाहीं, कोणाला ऐकूं येत नाहीं, कोणाची समज वयाच्या मानानें सावकाश वाढते. सामन्याच्या दिवशीं आपण त्याला सावलींत खुर्ची देतों, धावा मोजण्याची वही देतों, शेवटीं खाऊचा पुडा देतों, आणि आपलें कर्तव्य झालें असें मानून घरीं जातों. त्याच्या हातीं चेंडू मात्र कोणी देत नाहीं. ह्यांत कोणाचा दुष्टपणा असतो असें नव्हे. मूल पडेल, त्याला लागेल, आईबाप बोल लावतील, असें शिक्षकाला भय वाटतें. हें भय अज्ञानांतून आलेलें आहे, आणि अज्ञानावर शिक्षण हाच उपाय होय.

हा उपाय कांहीं नवा नाहीं. इंग्लंडांत स्टोक मँडेविल येथील रुग्णालयांत १९४४ सालीं पाठीच्या कण्यास इजा झालेल्यांसाठीं विभाग उघडला, आणि तो डॉ. लुडविग गुटमन ह्यांच्याकडे सोंपविण्यांत आला. असे रुग्ण त्या काळीं बहुधा अंथरुणासच खिळून राहत. डॉक्टरांनीं औषधोपचाराच्या जोडीला त्यांना खेळ दिले. २९ जुलै १९४८ रोजीं, लंडन ऑलिम्पिकचा प्रारंभ झाला त्याच दिवशीं, त्या रुग्णालयाच्या आवारांत चाकांच्या खुर्चीवर बसलेल्या १६ जणांचा धनुर्विद्येचा सामना झाला. पॅरालिम्पिकचा वटवृक्ष ह्याच बीजापासून वाढला.

आपल्याकडचेंच उदाहरण घ्या. सांगली जिल्ह्यांतील मुरलीकांत पेटकर हे लष्करांत मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धांत गोळ्या लागून ते अपंग झाले. पुढें ते पोहण्याकडे वळले, आणि १९७२ सालीं जर्मनींतील हायडेलबर्ग येथें ५० मीटर अंतर ३७.३३ सेकंदांत पोहून त्यांनीं भारताला पॅरालिम्पिकमधील पहिलें सुवर्णपदक मिळवून दिलें. त्याच जिल्ह्यांतील सचिन खिलारी ह्यांनीं २०२४ सालीं पॅरिस येथें गोळा १६.३२ मीटर फेकून रौप्यपदक मिळविलें. पेटकरांचें मुष्टियुद्ध सुटलें, पण खेळ सुटला नाहीं. एक वाट बंद झाली तेव्हां दुसरी धरली गेली. ही दुसरी वाट दाखविणें हेंच शिक्षकाचें काम आहे.

तेव्हां शिक्षकानें शिकावयाचें तें काय? चार गोष्टी बदलतां येण्याची कला: शिकविण्याची रीत, नियम, साधन आणि जागा. अंध मुलाला 'असा चेंडू टाक' असें नुसतें म्हणून काय उपयोग? हालचाल शब्दांनीं सांगावी, आणि त्याला विचारून त्याचा हात धरून समजवावी. कर्णबधिर मुलाकडे पाठ करून बोलूं नये. शिटीबरोबर निशाणही हलवावें. ज्याची समज सावकाश चालते, त्याला एका वेळीं एकच सूचना द्यावी व ती करून दाखवावी. नियमांचें म्हणाल, तर चाकांच्या खुर्चीवरील टेनिसमध्यें चेंडूचे दोन टप्पे पडूं देतात. साधनांचें म्हणाल, तर अंधांच्या क्रिकेटमध्यें चेंडू आंतून वाजणारा असतो; आणि गोलबॉल नांवाच्या खेळांत चेंडूंत घुंगरें असतात, सर्व खेळाडूंच्या डोळ्यांवर पट्टी असते, व प्रेक्षकांना निःशब्द बसावें लागतें. जागेचें म्हणाल, तर वाळूंत चाक रुततें. म्हणून जमीन टणक हवी, आणि वाटेवर पायरीऐवजीं उतार हवा.

केवळ प्रेमानें हें सर्व साधत नाहीं, माहितीही लागते. कण्याला वरच्या भागीं इजा झालेल्या मनुष्यास खालच्या अंगीं नीट घाम येत नाहीं, म्हणून आपल्या उन्हाळ्यांत त्याचें शरीर लवकर तापतें; त्याला सावली, पाणी आणि विसांवा वेळेवर हवा. डाउन सिंड्रोम असलेल्या कांहीं मुलांच्या मानेचा वरचा सांधा सैल असतो. त्यांना कोलांट्या उड्या शिकविण्यापूर्वीं डॉक्टरांचें मत घ्यावें. आणि कोणाचीही खुर्ची त्याला न विचारतां ढकलूं नये. ती खुर्ची म्हणजे त्याचे पाय होत.

कोणी म्हणेल, 'अशानें इतर मुलांचा खेळ बिघडेल.' माझें उत्तर असें कीं, चषकाचा सामना वेगळा आणि रविवारचा सराव वेगळा. सरावांत सर्वांना जागा असावी; दिव्यांगांचे स्वतंत्र सामनेही असावेत. परंतु दयेपोटीं दिलेली धाव कोणाला देऊं नका. मुलाला ती लगेच कळते आणि झोंबते. नियम आधींच योग्य ते ठरवा, आणि मग तो बाद झाला तर त्याला बादच म्हणा. इतरांना जी शिस्त, तीच त्याला. ह्यांतच त्याचा मान आहे.

हें उपकाराचें काम आहे असेंही कोणी समजूं नये. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ह्याच्या ३० व्या कलमांत दिव्यांगांच्या क्रीडासहभागासाठीं सरकारनें उपाय योजावेत, क्रीडा कार्यक्रमांची व अभ्यासक्रमांची पुनर्रचना करावी, असें स्पष्ट सांगितलें आहे. जें कायद्यानें हक्क म्हणून मानलें, तें आपल्या मैदानावर मेहेरबानी म्हणून देणें शोभत नाहीं.

म्हणून महोत्सव समितीस माझी विनंती अशी. चषक एक कमी आणा, परंतु आपल्या तरुणांपैकीं एक मुलगा व एक मुलगी अशा दोघांना हें शिक्षण घेण्यास पाठवा. त्यांना शिकविण्यासाठीं एखाद्या दिव्यांग खेळाडूस शिक्षक म्हणून बोलवा. ह्या विषयांत त्याच्याइतका जाणता दुसरा कोण? आणि ते दोघे शिकून आले कीं, त्यांनीं घरोघरीं जाऊन आईबापांना व त्या मुलालाही विचारावें, 'तुला कोणता खेळ खेळावासा वाटतो?' पुष्कळ घरांत हा प्रश्न आजवर कोणी विचारलेलाच नाहीं.