न मारतां आवरणारे रक्षक

घरांत चोर शिरला तर त्यास पकडावें, हें सर्वांस मान्य; परंतु चोरासाठीं घरच पेटवून द्यावें, असें कोणी सुज्ञ म्हणणार नाहीं. एच्.आय्.व्ही. या विषाणूनें मानवी शरीरापुढें असाच पेंच उभा केला आहे. एड्स रोगाचें मूळ असलेला हा विषाणु १९८३ सालीं पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत हातीं लागला. तो मुख्यतः ज्या साहाय्यक पेशींत शिरतो, त्याच शरीराच्या संरक्षणाची सूत्रें हालवितात. त्या सरसकट मारल्या, तर शत्रूबरोबर सेनापतीहि जातो.

रक्तांतील पांढऱ्या पेशींचा दुसरा एक वर्ग आहे, त्यांस सी.डी. आठ पेशी म्हणतात. बाधित पेशी ओळखून तिचा नाश करणें, हें त्यांचें काम सांगितलें जाई. तें खोटें नव्हे. पण अपुरें आहे, हें १९८६ सालीं दिसून आलें.

सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठांत जे लेव्ही, ख्रिस्तोफर वॉकर व त्यांचे सहकारी यांनीं, बाधा होऊनहि धडधाकट असलेल्या माणसांच्या रक्तपेशी कांचपात्रांत वाढविल्या. कांहींच्या पेशींतून विषाणु निघेना. मग त्यांतील सी.डी. आठ पेशी वेगळ्या काढल्या, तों विषाणु वाढूं लागला. त्या पुन्हां मिसळतांच त्यास पायबंद बसला. नवल हें कीं, बाधित पेशी मेल्या नव्हत्या. पुढें असेंहि आढळलें कीं, सी.डी. आठ पेशी ज्या द्रवांत वाढल्या, तो नुसता द्रव घातला तरी विषाणूची वाढ मंदावते.

हें घडतें कसें? विषाणु आपली आनुवंशिक संहिता पेशीच्या संहितेंत घुसवितो व पेशीकडून तिच्या नकला काढवितो. छापखान्यांत परक्यानें आपलें पत्रक चोरून छापून घ्यावें, तसा हा प्रकार. सी.डी. आठ पेशींचा स्राव छापखाना मोडीत नाहीं. तेवढें पत्रक छापूं देत नाहीं. त्यांतील या द्रव्याची ओळख मात्र अद्याप सर्वमान्यपणें पटलेली नाहीं.

दुसरी एक रीत १९९५ सालीं रॉबर्ट गॅलो यांच्या प्रयोगशाळेंत उमगली. याच पेशींतून स्रवणारीं तीन द्रव्यें विषाणूस अडवितात. पेशीवरील ज्या द्वारानें तो पुष्कळदां आंत शिरतो, तें द्वार तीं अडवून धरतात, असें १९९६ सालीं कळलें.

कांचपात्रांतील गोष्ट देहांत खरी ठरते काय? माकडांतील तत्सम विषाणूवरील प्रयोग २०१० सालीं प्रसिद्ध झाले. बाधित माकडांच्या सी.डी. आठ पेशी काढून टाकतां विषाणु वाढला. परंतु विषाणु प्रसवणाऱ्या पेशींचें आयुष्य लांबलें नाहीं. संहार हेंच मुख्य साधन असतें, तर संहारक गेल्यावर त्या पेशी अधिक काळ जगावयास हव्या होत्या.

मनुष्यांत हें सामर्थ्य रोग बळावतां क्षीण होतें, म्हणून केवळ त्यावर विसंबतां येत नाहीं. आजचीं औषधें विषाणूस उत्तम रीतीनें दाबून ठेवितात. पण दडलेली संहिता तशीच राहते आणि औषध सोडतां तो बहुधा पुन्हां डोकें वर काढतो. म्हणून रोग्यानें बरें वाटलें तरी औषध सोडूं नये. आणि शरीर स्वतःच जें मौन विषाणूवर लादतें, तें कायमचें कसें टिकवावें, हा संशोधकांपुढील मोठा प्रश्न आहे. तो सुटल्यास लाखो माणसांची जन्मभराची औषधयोजना संपूं शकेल.