कांजिण्या लपवू नका



थंडी सरत आली की शाळेत कांजिण्यांची साथ येते. अंगावर पाण्याचे फोड दिसत असूनही आपण पोराला शाळेत धाडतो, कारण घरी थांबलं तर मजुरी बुडते.

पण फोड दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून, सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत हा आजार दुसऱ्याला लागतो. खपली धरायला साधारण आठवडा जातो. तेवढे दिवस मूल घरी ठेवा आणि शाळेत बाईंना लगेच कळवा. लागण झालेल्या मुलाला 10 ते 21 दिवसांनी फोड येतात, म्हणून बाईंना वर्गावर तीन आठवडे लक्ष ठेवावं लागतं.

आमच्या बचत गटात आम्ही पाळ्या लावल्यात. जिला कांजिण्या होऊन गेल्यात ती मुलाजवळ बसते, आई कामावर जाते. गरोदर बाईला पाळी देत नाही.

देवी आल्या म्हणून अंघोळ बंद करू नका. कोमट पाण्यानं अंघोळ घाला, नखं कापा. अ‍ॅस्पिरिन देऊ नका. ताप उतरेना, धाप लागली किंवा मूल सुस्त झालं, तर लगेच दवाखाना गाठा.

एक मूल आठवडाभर घरी राहिलं, तर वर्गातल्या कितीतरी आयांची मजुरी वाचते.